अकरावरून आठवर

1993 सालच्या जून महिन्यात लास व्हेगास इथे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं अधिवेशन भरलं होतं. तिथे एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले आणि टाइप वन मधुमेहाबद्दल डॉक्टरांमध्ये अनेक दशकं चाललेला वाद मिटला. रक्तातली साखर काटेकोर सांभाळली तर पुढचं नुकसान खरोखर टळतं का, की डोळे आणि मूत्रपिंडं बिघडणं रुग्णाच्या कपाळी लिहिलेलंच असतं, असा तो वाद होता. ‘डायबेटिस कंट्रोल अँड कॉम्प्लिकेशन्स ट्रायल’ म्हणजे डीसीसीटी या चाचणीत अमेरिका आणि कॅनडातल्या 29 केंद्रांमधले 1,441 जण सहभागी झाले होते, सगळे 13 ते 39 वयाचे. एका गटाला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दिवसाला एक किंवा दोन इंजेक्शनं. दुसऱ्या गटाला तीन किंवा जास्त इंजेक्शनं किंवा इन्सुलिनचा पंप, रोज किमान चार वेळा बोट टोचून तपासणी आणि त्या आकड्यांवरून डोसमध्ये बदल.

सरासरी साडेसहा वर्षांच्या पाठपुराव्यात पहिल्या गटाची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, 9 टक्क्यांच्या आसपास राहिली आणि दुसऱ्या गटाची 7 च्या आसपास. ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात दृष्टिपटल खराब होण्याचा धोका या दोन टक्क्यांनी 76 टक्के कमी केला. नसांच्या विकाराचा धोका 60 टक्क्यांनी घटला, लघवीतून प्रथिनं मोठ्या प्रमाणात जाण्याचा 54 टक्क्यांनी. फरक इतका उघड होता की चाचणी ठरल्यापेक्षा वर्षभर आधी थांबवण्यात आली.

त्या लोकांच्या हाती काय नव्हतं, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. आजची झटपट काम करणारी इन्सुलिनं नव्हती. त्यातलं पहिलं, लिस्प्रो, 1996 मध्ये बाजारात आलं. दंडावर चिकटवायचे सेन्सर नव्हते. जुनी इन्सुलिनं होती, ग्लुकोमीटर होता, आकडे लिहायची वही होती आणि दर महिन्याला भेटणारी, मध्ये फोन करून विचारपूस करणारी एक टीम होती. बिघडलेला टाइप वन ताब्यात येतो तो आकडे वारंवार पाहून डोस जुळवत राहिल्यानं. हे काम शिकावं लागतं. आपल्याकडे अनेक कुटुंबांना इन्सुलिन लिहून मिळतं, ‘गोड बंद करा’ एवढं सांगितलं जातं, आणि हे शिकवणं मात्र राहून जातं.

पथ्यानं न सुटणारा आजार

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते. हळूहळू त्या जवळपास संपतात. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, मुलानं चॉकलेटं किती खाल्ली, याचा त्याच्याशी संबंध नाही. आजोबांच्या टाइप टू मधुमेहात इन्सुलिन असतं पण पुरेसं काम करत नाही. तिथे वजन, चालणं आणि खाणं सांभाळून बराच फरक पडतो. नातवाच्या टाइप वनमध्ये इन्सुलिनच नसतं. त्यामुळे आजोबांचं पथ्य नातवाला लावून त्याची साखर सुधारत नाही.

नुसत्या पथ्यानं काय होतं, हे इन्सुलिनच्या आधीच्या काळानं दाखवून दिलं आहे. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची उपासमारीची उपचारपद्धती तेव्हा प्रसिद्ध होती. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हिला वयाच्या अकराव्या वर्षी हा आजार झाला. अ‍ॅलन यांच्या आहारावर ती तीन वर्षं तग धरून राहिली, पण ऑगस्ट 1922 मध्ये टोरोंटोला पोहोचली तेव्हा तिचं वजन जेमतेम 20 किलो होतं. त्याच वर्षी जानेवारीत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला तिथे इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. 11 जानेवारीचं ते अशुद्ध द्रावण चाललं नाही. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केल्यावर 23 जानेवारीला दिलेल्या इंजेक्शनानं मात्र साखर उतरली. एलिझाबेथला फ्रेडरिक बँटिंग यांनी इन्सुलिन सुरू केलं आणि ती 1981 पर्यंत जगली, संसार करून, मुलं वाढवून.

म्हणून ‘इन्सुलिनची सवय लागते’ हे वाक्य टाइप वनच्या घरात फार घातक आहे. एखाद्या काढ्याच्या किंवा चूर्णाच्या भरवशावर इन्सुलिन थांबवलं, तर शरीर चरबी जाळू लागतं, रक्तात कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होतं आणि एक-दोन दिवसांत मूल अतिदक्षता विभागात पोहोचू शकतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या अहवालानुसार भारतात वीस वर्षांखालच्या सुमारे 2 लाख 29 हजार मुलामुलींना टाइप वन आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी नाहीत. या सगळ्यांच्या बाबतीत इन्सुलिन किती, कधी आणि कसं घ्यायचं एवढंच ठरवायचं असतं. घ्यायचं की नाही, हा प्रश्नच नसतो.

अकरा म्हणजे किती?

साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी असेपर्यंत चिकटूनच राहते. म्हणून एचबीएवनसीवरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. 7 टक्के म्हणजे रक्ताच्या दर डेसिलिटरमध्ये सरासरी 154 मिलिग्रॅम साखर, 8 म्हणजे 183, आणि 11 म्हणजे जवळपास 270. बहुतेकांसाठी 7 च्या खाली हे उद्दिष्ट असतं. पण 11 असलेल्या मुलाला एकदम 7 चा आकडा दाखवला, तर तो वहीच मिटून ठेवण्याची शक्यता जास्त. डीसीसीटीमध्ये तर उद्दिष्ट 6.05 होतं, इतकी मदत असूनही ते कायम टिकवणारे 5 टक्क्यांहून कमी निघाले. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदवहीत 2016 ते 2018 या काळात 7 च्या खाली असलेले प्रौढ फक्त 21 टक्के होते. टाइप वन अवघड आहे. तो बिघडला म्हणून रुग्ण बेजबाबदार ठरत नाही.

हा आकडा कधीकधी चकवतोही. लोहाच्या कमतरतेमुळे पांडुरोग असेल, तर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो खोटा कमी दिसतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो, म्हणून तिथल्या मुलांच्या बाबतीत ग्लुकोमीटरच्या नोंदींवरच जास्त विसंबावं लागतं. शिवाय सरासरी मागचे चढउतार लपवते. कधी 50 तर कधी 300 होणाऱ्याची आणि दिवसभर 175 च्या आसपास राहणाऱ्याची सरासरी सारखीच येऊ शकते; दोघांचे प्रश्न मात्र अगदी वेगळे असतात.

डोस वाढवण्याआधी

साखर सतत जास्त दिसली की पहिला मोह असतो युनिट वाढवण्याचा. त्याआधी ठरलेलं इन्सुलिन शरीरात नीट पोहोचतंय का, हे पाहायला हवं. पुष्कळ वेळा अडचण तिथेच सापडते.

सिरिंज. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटच्या आणि 100 युनिटच्या. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. 100 च्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं घेतलं तर अडीच पट डोस जातो. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. घाईत दुकानदारानं दुसरी बाटली दिली, तर महिनाभर साखर कशामुळे बिघडली हे घरात कळतही नाही.

जागा. पोटावर, मांडीवर, नितंबावर आणि दंडाच्या मागच्या बाजूला इंजेक्शन देता येतं. पण दुखत नाही म्हणून अनेक मुलं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टोचत राहतात. तिथे चरबीच्या मऊ गाठी होतात आणि गाठीतून इन्सुलिन कधी हळू, कधी एकदम शोषलं जातं. स्पेनमध्ये 430 रुग्णांच्या एका पाहणीत जवळपास दोन-तृतीयांश जणांना अशा गाठी होत्या, आणि कारण न कळणारे चढउतार त्यांच्यात कितीतरी जास्त होते. गाठी डोळ्यांना दिसतातच असं नाही. बोटांनी चाचपून पाहाव्या लागतात. एक सावधगिरी महत्त्वाची. चांगल्या जागी इंजेक्शन सुरू केलं की इन्सुलिन पूर्ण काम करू लागतं, म्हणून तेव्हा डोस कमी करावा लागू शकतो. नाहीतर साखर धाडकन उतरते.

साठवण. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवायची, फ्रीजरला चिकटू द्यायची नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. चालू बाटली सावलीत, खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना ओलसर मातीच्या माठाचा चांगला आधार होतो. केनियातल्या एका निर्वासित छावणीत 25 ते 37 अंशांमध्ये चढउतार होत असतानाही इन्सुलिनची ताकद चार आठवडे टिकली, असं 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. उन्हाळ्यात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीचा भरवसा मात्र धरू नये. एनपीएच किंवा 30/70 सारखं दुधाळ इन्सुलिन असेल, तर घेण्याआधी बाटली तळहातांमध्ये हलकेच वीसेक वेळा फिरवायची. न मिसळता घेतलं तर रोज वेगळाच डोस जातो.

आणि चुकलेली इंजेक्शनं. शाळेतलं दुपारचं, लग्नाच्या पंगतीतलं, रात्री थकून झोपल्यामुळे राहून गेलेलं. हे कबूल केल्यावर मुलाला बोलणी बसणार असतील, तर ते सांगणारच नाही, आणि डॉक्टर नसलेल्या कारणावर डोस वाढवत राहतील.

रात्रीचा पाया

आता डोस. टाइप वनमध्ये इन्सुलिनची दोन कामं असतात. काहीही खाल्लं नाही तरी यकृत रक्तात साखर सोडत असतं. ती सांभाळण्यासाठी दिवसभर पुरणारं पायाभूत इन्सुलिन लागतं. ग्लार्जिन साधारण 24 तास चालतं, डेग्लुडेक त्याहून जास्त. जेवणाबरोबर येणाऱ्या साखरेसाठी वेगळं, लवकर काम करणारं इन्सुलिन लागतं. दिवसातून दोनदा घ्यायचं 30/70 स्वस्त आणि सोपं आहे, पण त्यात दोन्ही इन्सुलिनं आधीच एकत्र केलेली असल्यामुळे जेवणाप्रमाणे एकच वाढवता येत नाही. त्यावर मुलाला घड्याळ लावून, ठरलेलं तेवढंच जेवावं लागतं.

सुधारणेची सुरुवात पायाभूत इन्सुलिनपासून करावी. झोपताना साखर 140 आणि सकाळी 240 असेल, तर दोन-तीन रात्री पहाटे तीनला उठून तपासावं. तीनला 140 च्या आसपास आणि नंतर चढत असेल, तर पहाटे वाढणाऱ्या संप्रेरकांचा तो परिणाम असतो. रात्रभर सावकाश चढत असेल तर पायाभूत डोस अपुरा आहे. तीनला साखर 60 वर आली असेल, तर डोस वाढवणं उलट धोक्याचं ठरेल. या तिन्ही परिस्थितींत सकाळचा आकडा मोठाच दिसू शकतो. म्हणून नुसत्या उपाशीपोटीच्या रिपोर्टवर रात्रीचा डोस ठरवता येत नाही.

पोळीचं गणित

पाया नीट बसला की जेवणाकडे वळायचं. साखर मुख्यतः वाढवतात ती कर्बोदकं. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे 20 ग्रॅम कर्बोदकं असतात. 50 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत 35 च्या आसपास, मध्यम केळ्यात 25, चमचाभर साखरेत 5. ‘भात वाईट, भाकरी चांगली’ असं ढोबळ सांगून भागत नाही, कारण दोन भाकऱ्यांना लहान वाटीभर भातापेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन लागतं. घरातली वाटी, घरातली पोळी एकदा तराजूवर तोलून पाहिली की पुढे नजरेनं अंदाज येऊ लागतो.

समजा, एखाद्याला दिवसभरात एकूण 40 युनिट लागतात. सुरुवातीचा अंदाज म्हणून 500 ला 40 नं भागतात: साडेबारा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. झटपट इन्सुलिनसाठी 1800 ला 40 नं भागलं की 45 येतात. एक युनिट इन्सुलिन साखर साधारण 45 नं उतरवेल, असा त्याचा अर्थ. जुन्या रेग्युलर इन्सुलिनसाठी 1800 च्या जागी 1500 धरतात. जेवणाआधी साखर 210, ताटात दोन पोळ्या आणि वाटीभर वरण मिळून 50 ग्रॅम कर्बोदकं. जेवणासाठी 4 युनिट. 210 वरून 120 वर यायचं, म्हणजे 90 उतरवायचे, त्यासाठी 2. एकूण 6. हे आकडे फक्त सुरुवातीचे. प्रत्येकाचे स्वतःचे आकडे डॉक्टरांबरोबर, आठवड्याच्या नोंदी पाहून ठरतात. सकाळी एका युनिटला 10 ग्रॅम आणि रात्री 15, असंही असू शकतं.

इंजेक्शनाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास, झटपट इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटं. जेवण झाल्यावर घेतलं तर साखर आधी चढून बसते. आणि साखर अजून उतरत नाही म्हणून दोन तासांनी पुन्हा सुधारणेचा डोस घेतला, तर आधीच्या डोसचं काम संपलेलं नसतं. दोन्ही एकत्र येऊन साखर खाली घसरते.

हे शिकवायला किती वेळ लागतो? जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मायकेल बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाच दिवसांचा वर्ग विकसित केला. तोच ब्रिटनमध्ये ‘डॅफने’ नावानं सुरू झाला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा वर्ग केलेल्यांचं एचबीएवनसी सहा महिन्यांत, न शिकलेल्यांच्या तुलनेत, जवळपास 1 टक्क्यानं कमी होतं. खाण्यावरची बंधनं सैल झाली होती आणि तरीही साखर खाली आली होती.

लो होण्याची धास्ती

डीसीसीटीत काटेकोर गटाला एक किंमत मोजावी लागली. दुसऱ्याची मदत लागावी इतकी साखर कमी होण्याचे प्रसंग त्यांच्यात जवळपास तिप्पट होते. या धास्तीनंच अनेक घरांत साखर मुद्दाम चढी ठेवली जाते. एकदा मध्यरात्री लेकराला झटका आलेला पाहिलेल्या आईनं झोपताना 250 आकडा बघूनच दिवा मालवावा, यात आश्चर्य नाही. या भीतीवर उपाय केल्याशिवाय एचबीएवनसी खाली येत नाही.

70 च्या खाली साखर म्हणजे हायपो. हात थरथरणं, घाम, भूक, चिडचिड. तेव्हा 15 ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठायचा. संध्याकाळी कबड्डी किंवा फुटबॉल झाल्यावर त्या रात्री उशिरानंही साखर उतरू शकते, म्हणून खेळाच्या दिवशी झोपण्याआधी तपासणं आणि गरजेप्रमाणे रात्रीचा डोस कमी करणं किंवा थोडं खाणं आवश्यक. खेळ मात्र बंद करायचा नाही. वसीम अक्रमला टाइप वनचं निदान 1997 मध्ये झालं. 2003 च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांमध्ये 500 बळी घेणारा तो पहिला गोलंदाज ठरला.

ज्यांना वारंवार हायपो होतात, त्यांना लक्षणं कळेनाशी होतात. काही आठवडे कटाक्षानं हायपो टाळले तर ती जाणीव बऱ्याच अंशी परत येते. अशांसाठी चांगल्या नियंत्रणाची पहिली पायरी कमी साखर टाळणं हीच असते.

सोळाव्या वर्षी

दहा वर्षांचं असेपर्यंत छान चाललेलं मूल सोळाव्या वर्षी अकरावर कसं जातं? काही कारण शरीरात असतं. वयात येताना वाढीची संप्रेरकं इन्सुलिनला विरोध करतात आणि गरज खूप वाढते. मुलींमध्ये पाळीच्या आधी काही दिवस साखर चढते. थायरॉइडचे आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲकचे विकार टाइप वनमध्ये जास्त आढळतात, म्हणून त्यांच्याही तपासण्या कराव्या लागतात. सिलिॲकमध्ये अन्न नीट शोषलं जात नाही आणि विनाकारण हायपो होतात.

बाकीचं कारण मनात आणि घरात असतं. मित्रांसमोर इंजेक्शन नको म्हणून दुपारचा डोस टळतो. काही मुली वजन उतरावं म्हणून इन्सुलिन कमी घेतात. हा गंभीर प्रकार आहे आणि त्याला मानसोपचाराची मदत लागते. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून घरचेच आजार लपवतात आणि मग पाहुण्यांकडे गेल्यावर इंजेक्शन न्हाणीघरात घ्यावं लागतं. टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला चौथ्या वर्षी हा आजार झाला. त्यानं तो जाहीरपणे सांगितला 2022 मध्ये, ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकल्यानंतर. भारतात सीबीएसईनं 2017 मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वर्गात साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी आणि ग्लुकोमीटर नेण्याची परवानगी दिली. वर्गशिक्षक आणि बाकावरचा मित्र यांना माहीत असणं हेही उपचाराचाच भाग आहे.

रोजच्या या कटकटीचा थकवाही येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की यांनी 1990 च्या दशकात तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली, तेव्हापासून डॉक्टर त्याची स्वतंत्र दखल घेऊ लागले. अशा वेळी सगळं सुधारायला सांगण्यापेक्षा ‘या महिन्यात फक्त रात्रीचं इंजेक्शन चुकवायचं नाही’ एवढंच ठरवणं जास्त उपयोगी पडतं. ह्विडोरे या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असं दिसलं, की वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांमध्ये मुलांच्या साखरेत मोठा फरक असतो आणि नुसत्या इन्सुलिनच्या प्रकारानं त्याचा उलगडा होत नाही. जिथे डॉक्टर, नर्स, आईवडील आणि मूल सगळेच एकच स्पष्ट उद्दिष्ट सांगत होते, तिथल्या मुलांची साखर जास्त चांगली होती.

घाई नको, आणि आजारपणात ढिलाई नको

वर्षानुवर्षं 11 किंवा 12 असलेली सरासरी दोन महिन्यांत 7 वर आणणं हिताचं नसतं. डीसीसीटीतच काटेकोर गटातल्या 13 टक्के जणांच्या डोळ्यांतले बदल पहिल्या वर्षात आधी वाढले. जुन्या रिवाजाच्या गटात हे प्रमाण सुमारे साडेसात टक्के होतं. पुढे फायदाच झाला, पण म्हणूनच सुधारणा सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. फार वेगानं साखर उतरवली तर पायांच्या नसांमध्ये तीव्र वेदनाही सुरू होऊ शकतात.

ताप-उलट्यांच्या दिवशी नियम उलटा. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आजारात गरज अनेकदा वाढते. पायाभूत डोस चालूच ठेवायचा, दर दोन-चार तासांनी साखर पाहायची, लघवीच्या पट्टीवर कीटोन तपासायचे, पाणी देत राहायचं. पोटदुखी, सतत उलट्या, खोल धापा, तोंडाला फळासारखा वास ही कीटोॲसिडोसिसची लक्षणं आहेत. ती पित्त किंवा विषबाधा समजून घरी थांबू नये.

मदत कुठे मिळते?

दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी साखर दाखवतो आणि रात्री खाली जाऊ लागली तर सूचना देणारेही मिळतात. त्यावर 70 ते 180 च्या दरम्यान किती वेळ गेला हे पाहतात. 70 टक्क्यांहून जास्त वेळ आणि 70 खाली 4 टक्क्यांहून कमी, हे 2019 मध्ये ठरलेलं उद्दिष्ट. बारा महिने परवडत नसेल, तर डोस बदलायच्या काळात चौदा दिवसांचा एक सेन्सर लावूनही रात्रीचं चित्र कळतं. 2022 मध्ये ग्लार्जिन भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीत आलं. त्याच वर्षी आयसीएमआरनं टाइप वनसाठी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली.

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये स्थापन केलेला ड्रीम ट्रस्ट गरीब कुटुंबांतल्या मुलांना इन्सुलिन आणि शिक्षण देतो. आर्थिक ओढाताणीत मुलींचा उपचार आधी थांबतो, हे पाहून त्यांच्याकडे तो विशेष लक्ष देतो. छत्रपती संभाजीनगरमध्ये डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था टाइप वनच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी काम करते. अशा ठिकाणी नव्या आईला जुनी आई भेटते आणि माठात बाटली कशी ठेवायची, शाळेत कुणाशी बोलायचं, हे ती सांगते.

डीसीसीटी संपल्यावर दोन्ही गटांना काटेकोर पद्धत शिकवण्यात आली. काही वर्षांत दोघांची सरासरी 8 च्या आसपास एकसारखी झाली. तरीही आधी काटेकोर असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघातासारखे प्रसंग पुढे बरेच कमी आले. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत ही घट 42 टक्के होती. चांगली गेलेली वर्षं शरीरात जमा राहतात. आणि फायदा फक्त 7 च्या रेषेवर मिळतो असंही नाही. त्याच चाचणीत एचबीएवनसी दहा टक्क्यांनी घटलं, म्हणजे 10 चं 9 झालं, की डोळ्यांचा विकार पुढे सरकण्याचा धोका सुमारे 40 टक्क्यांनी कमी दिसला. अकरावरून आठवर येणाऱ्याला त्यामुळे पुष्कळ काही मिळालेलं असतं, सात अजून दूर असले तरी.

सुरुवात पुढच्या भेटीच्या आधीच्या पंधरवड्यात करता येते. त्या काळात डोस स्वतःहून बदलायचा नाही, फक्त लिहायचं: जेवणाआधीची साखर, झोपतानाची, दोन-तीन रात्री पहाटे तीनची, किती युनिट घेतले आणि कुठे टोचले, ताटात काय होतं, कोणतं इंजेक्शन राहिलं. साखर फार खाली गेली किंवा कीटोन दिसले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. वहीबरोबर चालू बाटली आणि सिरिंजही दवाखान्यात न्यायची आणि इंजेक्शनाच्या जागा डॉक्टरांना चाचपून पाहायला सांगायच्या. मग डॉक्टर एका वेळी एकच डोस बदलतील, आणि पुढचे तीन दिवस पुन्हा त्याच वेळांना तपासून त्यांना आकडे कळवायचे.